उसाची खोली, रक्ताची खोली

विनोदिनी एका जागी सलग दोन तास बसली, असं आमच्या ऑफिसच्या सहा वर्षांत एकदाच घडलं. ते कसं घडलं तेच सांगणार आहे. पण आधी बाई काय चीज होती ते सांगायला हवं, नाहीतर दोन तास बसण्याचं एवढं काय कौतुक, असं तुम्हीच म्हणाल.

मी अबोली. कॉलेजात आम्ही एका बाकावर होतो. म्हणजे मी बाकावर असायचे, ती असेलच असं नाही. मूळची साताऱ्याची, शिकायला सांगलीला मावशीकडे आली आणि इथंच रुजली. रुजली तरी कसली! बसची वाट बघत उभं राहणं तिला जमायचं नाही. "तेवढ्यात पुढच्या स्टॉपपर्यंत चालत जाऊ" म्हणायची, आणि आम्ही दोन्ही स्टॉपच्या मधे असताना बस अंगावर धूळ उडवत निघून जायची. दहा वेळा असं झालं, पण अकराव्या वेळी ही परत चालू लागली. चहा अर्धा पिऊन ठेवायची, वाटाणे सोलायला घेतले की मधेच उठून कपडे वाळत घालायची. मावशी म्हणायची, "हिच्या पायाला भिंगरी लावूनच देवानं खाली सोडलीय."

एक्क्याण्णव साली आम्ही विश्रामबागेत, शिवणयंत्रांच्या दुकानाच्या माडीवर ऑफिस काढलं. प्रोग्राम ती लिहायची, नावंगावं भरायचं काम माझं. कॉम्प्युटर एकच. त्यावर कामं मात्र दोन मोठी. एक, कडेगाव तालुक्यातल्या एका साखर कारखान्याचं: कुणाचा ऊस कधी लावला, कुठल्या तारखेला तोडायचा, त्याची यादी. दुसरं, मिरजेच्या एका दवाखान्याचं: रक्त देणाऱ्यांची यादी, कुणाचा गट कोणता, फोन कुठे करायचा.

कॉम्प्युटरच्या पोटात प्रत्येक कामाची वेगळी जागा असते. त्या कामाच्या याद्या, त्याचे प्रोग्राम, सगळं तिथंच. आम्ही तिला खोली म्हणायचो. उसाची खोली, रक्ताची खोली. दोन अक्षरं टाइप करून एन्टर मारला की या खोलीतून बाहेर आणि त्या खोलीत आत. विनोदिनीला तर हे सोन्याहून पिवळं झालं. खुर्चीवर बसून भटकायची सोय! दिवसातनं तीस-चाळीस वेळा खोली बदलायची. मी म्हणायचे, "अगं भवाने, एक काम हातावेगळं कर, मग दुसरं घे." ती म्हणायची, "हे कंटाळवाणं झालं की ते घेते, ते झालं की हे. दोन्ही होतात ना? मग?" होत होती, हेही खरं. म्हणून तर मला बोलता यायचं नाही.

घोटाळा होऊ नये म्हणून तिनं प्रत्येक खोलीला रंग दिला होता. उसाच्या खोलीत मॉनिटरचा पडदा हिरवा, रक्ताच्या खोलीत लाल. आणि तिसरी होती पिवळी खोली. ती रक्ताच्याच कामाची, पण रंगीत तालमीची. नवीन काही केलं की आधी तिथं चालवून बघायचं, मग लाल खोलीत न्यायचं. तालमीला नावं लागतात. मी म्हटलं, "दोन दिवस दे, खोटी नावं करून भरते." दोन दिवस! तिला दोन मिनिटं धीर नव्हता. तिनं उसाच्या खोलीतले चारशे शेतकरी उचलले, त्यांच्या पत्त्यांसकट आणि फोनसकट, आणि पिवळ्या खोलीत आणून बसवले. घरोघर फोन कुठले तेव्हा? गावातल्या वाण्याचा नाहीतर सोसायटीचा नंबर असायचा, तिथं निरोप सांगायचा. रक्तगट तिनं मशीनला वाटायला सांगितले. पहिल्याला ए, दुसऱ्याला बी, पत्ते वाटावेत तसे.

"खऱ्या माणसांना खोटं रक्त कशाला देतेस?" मी म्हटलं. "मला नाही आवडत."

"कोण बघतंय गं?" ती म्हणाली आणि उठून खिडकीशी गेली.

सत्त्याण्णवच्या डिसेंबरात आमचा रंगीत मॉनिटर बंद पडला. कॉम्प्युटरच्या दुकानदारानं तो दुरुस्तीला कोल्हापूरला पाठवला आणि तोवर चालवायला एक काळा-पांढरा आणून ठेवला. झालं. हिरवं राखाडी, लाल राखाडी, पिवळंही राखाडीच. कोपऱ्यात बारीक अक्षरांत खोलीचं नाव लिहिलेलं असायचं, पण ते वाचायला थांबावं लागतं. थांबणं आणि विनोदिनी!

त्या सोमवारी तिनं रक्ताच्या कामात एक सुधारणा केली, पिवळ्या खोलीत चालवून बघितली आणि लाल खोलीत नेली. मिरजेला न्यायची यादी फ्लॉपीवर घ्यायची, एवढंच उरलं होतं. तेवढ्यात कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्यांचा, दादासोंचा फोन आला, कुणाची तरी तारीख विचारायला. ही टुणकन उसाच्या खोलीत गेली, तारीख सांगितली, टुणकन परत आली. परत आली ती पिवळ्या खोलीत. पडदा राखाडी, समोर रक्तगटांची यादी. तिनं फ्लॉपी भरली, मंगळवारी मिरजेला जाऊन दवाखान्याच्या मशीनवर चढवली. तिथली खरी यादी पुसली गेली आणि तिच्या जागी कडेगावकडचे ऊसवाले जाऊन बसले.

गुरुवारी साडेदहाला दवाखान्याच्या रक्तपेढीतल्या शरच्चंद्रकाकांचा फोन आला. काका म्हणजे सज्जन माणूस, फोनवरही नमस्कार करणारा. मीच उचलला.

"काय हो, बाईंचं कौतुक करावं तेवढं थोडं! ओ निगेटिव्ह म्हटलं की आमच्याकडे दोन-तीन नावं असायची. आज पन्नास निघाली! पण सगळी कडेगावकडचीच कशी म्हणायची? तासभर फोन करतोय. कुणी म्हणतं निरोप देतो, कुणी म्हणतं आम्ही कवा रक्त दिलं. इथं बाळंतिणीची अवस्था वाईट आहे हो. मुलगा झाला पहाटे, पण रक्त थांबत नाही. दोन बाटल्या तरी पाहिजेतच."

मी विनोदिनीकडे बघितलं. तिनं माझ्या हातातून फोन घेतला, पुन्हा सगळं ऐकलं. तिचा चेहरा असा पांढरा पडलेला मी कधी बघितला नव्हता. मला तिचा राग आला. चांगले दोन शब्द सुनवावेत असं तोंडाशी आलं होतं, पण ती वेळ नव्हती.

"काका, फोन ठेवू नका," ती म्हणाली. लाल खोलीत गेली. या वेळी कोपऱ्यातलं नाव तिनं बोट ठेवून वाचलं. खऱ्या यादीत ओ निगेटिव्ह तीन. एका मास्तरांनी पंधरा दिवसांपूर्वीच रक्त दिलेलं. एक बाई मुंबईला गेलेल्या. तिसरा मिरजेतलाच तंबोरे करणारा कारागीर, दवाखान्यापासून पाच मिनिटांवर. "आधी त्यांना बोलवा काका. पळत माणूस पाठवा. बाकीचं मी तिथं येऊन सांगते."

पाच मिनिटांवरच्या माणसाला बोलवायला तास गेला होता. ही गोष्ट आम्ही दोघींनी बोलून दाखवली नाही. जिना उतरताना ती दोन पायऱ्या एकदम उतरत होती. स्टँडवर मी तिचा दंड धरला. म्हटलं, "आज चालायचं नाही. आज बस येईपर्यंत हलायचं नाही." ती थांबली, पण उभी राहून पर्सची चेन उघड-मीट, उघड-मीट करत होती. बसमध्ये जागा होती तरी दारात उभी राहिली.

दवाखान्यात पोचलो तोवर तंबोरेवाल्यांचं रक्त घेऊन झालं होतं, तपासणी चालली होती. ती एक बाटली. दुसरीचा पत्ता नव्हता. सांगलीला विचारून झालं होतं, तिथंही ओ निगेटिव्ह नव्हतं.

विनोदिनीनं शरच्चंद्रकाकांना सगळं सांगून टाकलं. आडपडदा ठेवला नाही, मॉनिटरवर ढकललं नाही. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"म्हणजे मी तासभर उसाला फोन करत होतो?"

"हो काका."

"अरे देवा," एवढंच म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

बाहेर बाकावर बाळंतिणीची सासू बसली होती. बनुबाई नाव, जतकडच्या. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं ते पोर. सून रेश्मा आत, मुलगा शिवतेज फौजेत, जम्मूकडे. तार केलीय म्हणाल्या. विनोदिनीला त्या नर्स समजल्या. "बाई, मिळतंय का वं रक्त?" असं ती समोरून गेली की विचारायच्या. आणि ती तर व्हरांड्यात येरझारा घालत होती, म्हणजे दर मिनिटाला समोरून जात होती. दर वेळी म्हणायची, "बघतोय मावशी." मला ते बघवेना. मी जाऊन बनुबाईंच्या शेजारी बसले.

काकांनी म्हटलं, त्या कडेगावच्या माणसांना निदान येऊ नका म्हणून कळवू या, उगाच हेलपाटा. ज्यानं निरोप देतो म्हटलं होतं, त्या वाण्याच्या दुकानात फोन लावला. वाणी म्हणाला, "आता काय कळवता? गुंडा कवाच निघाला. जीप घिऊन गेल्यात."

विनोदिनी फाटकापाशी जाऊन उभी राहिली. आत-बाहेर, आत-बाहेर. एकच्या सुमाराला जीप आली. पाच-सहा बाप्ये उतरले, अंगावर उसाची कुसळं तशीच. पुढचा सावळा, उंच, डोक्याला टॉवेल बांधलेला.

"गुंडा म्हंत्यात मला. दवाखान्यानं नाव घिऊन बोलीवलं. कुटं द्यायचं रगत?"

आणि या बाईनं तिथंच, फाटकात, जीपचं इंजिन गार व्हायच्या आत सांगून टाकलं. तुमचं नाव चुकून आलं. तुमचा गट तो नाहीच, कुठला आहे ते मलाही माहीत नाही. मी मशीनला वाटायला सांगितला होता. चूक माझी आहे.

गुंडानं डोक्याचा टॉवेल ओढून काढला. मग त्याचा आवाज चढला. "आवं बाई, ह्यो काय पोरखेळ हाय व्हय? आज माजी तोड हुती! टोळी फडात हुबी करून आलोय मी!"

तोड म्हणजे ऊस तोडायची पाळी. चौदा-पंधरा महिने वाढवलेला ऊस, त्याची पाळी हंगामात एकदाच येते. मालक फडात नसला तर तोडणाऱ्या मजुरांची टोळी पुढच्या शेतात जाते आणि त्याचा नंबर यादीच्या तळाला. मग ऊस उभ्या उभ्या वाळायचा. कारखान्याचा नियमच तसा होता, आणि ती यादी आमच्याच हिरव्या खोलीतून निघायची. गुंडाची आजची तारीख मीच छापली होती.

विनोदिनी म्हणाली, "मला माहीत नव्हतं."

तेवढ्यात जीपच्या मागच्या बाजूनं एक माणूस पुढे आला. चाळिशी उलटलेला, मिशा कातरलेल्या, उभा राहण्याची ढब अशी की सांगायला नको. "रागराग नंतर कर रं गुंड्या. बाई, पेशंटला पाहिजे ओ निगेटिव्हच ना?"

"हो."

"मग माजं घ्या. मी नाथाजी. सतरा वर्सं फौजेत काढली. वाण्याच्या दुकानात फोन आला तवा मी तितंच हुतो. ह्याला त्याचा गट ठावं न्हाई, मला माजा ठावं हाय. आमच्या गळ्यात बिल्ला असतुया, त्येच्यावर लिवल्यालं असतंय. म्हून तर बसलो गाडीत." त्यानं शर्टाच्या आतून साखळी काढली. रिटायर झाला तरी बिल्ला गळ्यात होता. त्यावर ठोकलेली अक्षरं विनोदिनीनं दोनदा वाचली. बोट ठेवून.

पुढचे तीन तास कसे गेले ते विचारू नका. नाथाजींना आत नेलं, रक्त घेतलं, परत सगळ्या तपासण्या. त्यांना कळलं की बाळंतिणीचा नवरा फौजेत आहे, तर म्हणाले, "मग परक्याची कुटं, आमचीच म्हनायची." बनुबाईंनी त्यांच्या पायावर पोर ठेवायला घेतलं, तसे ते संकोचून दोन पावलं मागं सरले. गुंडा भिंतीला टेकून उकिडवा बसला होता. मधेच उठला आणि काकांना म्हणाला, "आलोय तर माजं बी बगा की काय हाय त्ये." बघितलं. बी पॉझिटिव्ह.

विनोदिनी व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतच होती. मी एकदा म्हटलं, "बस गं बाई, माझं डोकं गरगरायला लागलंय." ती म्हणाली, "बसले तर रडेन."

चार वाजता डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. रक्त थांबलं होतं. आठवडाभर ठेवावं लागेल, पण आता भीती नाही म्हणाल्या. बनुबाई रडायला लागल्या, त्यांचं बघून पोर रडायला लागलं, आणि मीही. विनोदिनी मात्र नाही. ती फाटकाकडे पळाली, कारण जीप सुरू झाल्याचा आवाज आला होता.

मी मागोमाग गेले. गुंडा पुढं बसला होता. तिनं जीपच्या दाराला धरलं होतं. "गुंडादादा, तुमची तोड…"

"गेली ती गेली आता. त्येला काय करायचं?" राग उतरला होता, पण आवाज दमलेला होता. मग म्हणाला, "बाई, त्या तुमच्या यादीतनं माजं नाव खोडू नगा."

"अहो, पण तुमचा गट वेगळा आहे."

"गट दुरुस्त करा. नाव ऱ्हाऊ द्या. बोलीवलं तर येतू."

निघताना भरून आणलेल्या फ्लॉपीवरून आम्ही दवाखान्याच्या मशीनवर खरी यादी चढवली आणि परतीची बस धरली. येताना ती बसली, खिडकीशी. साडेपाचला ऑफिसात आलो. मला वाटलं, आता ही पर्स टाकेल आणि गच्चीवर जाईल. ती खुर्ची ओढून कॉम्प्युटरपुढं बसली. उसाची खोली उघडली, कोपऱ्यातलं नाव मोठ्यानं वाचलं. गुंडाचं नाव काढलं. आजची तारीख. समोर तो राखाडी आकडा लुकलुकत होता.

मी म्हटलं, "बदल की. शनिवार टाक. उद्याची यादी जायची आहेच, कुणाला कळतंय?" खरं सांगते, मी म्हटलं तसं. मला त्या माणसाचं फार वाईट वाटत होतं.

"कुणाला कळतंय म्हणूनच हे सगळं झालं," ती म्हणाली. आणि तिनं दादासोंना फोन लावला.

कारखान्याची लाइन लागायला चाळीस मिनिटं लागली. ती खुर्चीतून उठली नाही. फिरवायची, ठेवायची, परत फिरवायची. लागल्यावर पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्यांच्या शेतकऱ्यांची नावं त्यांना न विचारता उचलली, हेही सांगितलं. काम हातचं जाऊ शकलं असतं. दादासो भडकलेच. पलीकडचा आवाज मला इथवर येत होता: "आमची नावं तुमी दवाखान्यात न्हेलीच कशी? कुनाला इचारून?" ती म्हणत होती, "खरं आहे साहेब. तुम्ही म्हणाल ते मान्य आहे. पण गुंडांचा नंबर तळाला जायला नको. ते माझ्यामुळं गेले."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग दादासो म्हणाले, "टोळी हाय अजून त्या शिवारात. शनवारी धरा त्येचं नाव. आनि तुमी सोमवारी हिकडं या, तवा बोलू आपन."

"येते साहेब."

तिनं फोन ठेवला, शनिवार टाकला, यादी छापायला लावली. मग पिवळ्या खोलीत गेली आणि चारशेच्या चारशे माणसं पुसून टाकली. "उद्या तू खोटी नावं भर," मला म्हणाली. "दोन दिवस घे. चार घे." (मी पुढं भाज्यांची नावं भरली. दोडका, गवार, पडवळ. आजही तिथं पहिलं नाव दोडका आहे.)

शेवटी, साडेसात वाजत आले तेव्हा, ती लाल खोलीत आली; खुर्चीतून अजून उठली नव्हती. खोलीचं नाव परत मोठ्यानं वाचलं. नाथाजींचं नाव घातलं, ओ निगेटिव्ह, वाण्याच्या दुकानाचा फोन. त्याखाली गुंडा, बी पॉझिटिव्ह, फोन तोच. यादीच्या शेवटी शेऱ्याचा एक रकाना होता. काविळीची शंका, अमुक महिन्यात बोलावू नये, असलं काहीतरी काका त्यात लिहायचे. गुंडाच्या ओळीवर ती त्या रकान्यापाशी थांबली. इतका वेळ थांबली की मला वाटलं, मशीन अडकलं.

मग तिनं इंग्रजी अक्षरांत, एकेक बटण दाबत, मराठी तीन शब्द लिहिले. मिरजेत त्याचा अर्थ कुणालाच लागला नसता, आणि काकांनी पुढं विचारलंही, पण ते पुसू तिनं कधी दिलं नाही.

तोड सोडून आला.